माळ्याखालचा पहिला घास

“अब्बा, दोघींतली एकच ठेवायची म्हटलं, तर कोण? मी का राहतआपा?”

विचारून टाकलं एकदाचं! अंकितानं आणि वर्गातल्या दोघींनी पैज लावली होती की समरा कितीही वक्तृत्वातली ढाल घेऊन येऊ दे, घरी हा प्रश्न विचारायची हिंमत तिच्यात नाही. मला आणि हिंमत नाही? गेल्या महिन्यात चारशे पोरांसमोर मी सात मिनिटं बोलले होते, कागद न घेता. तेव्हापासून मला कुणालाही काहीही विचारता येतं. मुख्याध्यापकांनासुद्धा.

अब्बा शिडीवर होते. कानावर पेन्सिल, दातांत वॉशर. त्यांनी वॉशर काढला आणि म्हणाले, “एकोणीस नंबरचा पाना दे.”

“अब्बा, मी काहीतरी विचारलं.”

“हौ, सुना मैं. एकोणीस नंबर. सतरा नक्को.”

मी पान्यांच्या डब्यात हात घालेपर्यंत राहतआपानं एकोणीस नंबर वर दिलासुद्धा. न बघता, नुसत्या बोटांनी ओळखून. आणि चेहरा असा, जणू माझा प्रश्न तिच्या कानावर पडलाच नाही.

हे असं. तीन महिने हे असंच चाललं होतं.

राहतआपा म्हणजे माझ्या खालाची, अम्मीच्या मोठ्या बहिणीची मुलगी. अक्कलकोटची. सोलापुरात आयटीआयला फिटरच्या ट्रेडला तिला जागा मिळाली आणि जूनमध्ये ती एक पेटी, एक टिफिन आणि एक पाणसळ घेऊन आमच्याकडे राहायला आली. पाणसळ म्हणजे ती काचेत बुडबुडा असलेली पट्टी. मुली पेटीत काय काय आणतात, हिनं बुडबुडा आणला! माझ्या खोलीतला अर्धा पलंग गेला, कपाटातला खालचा कप्पा गेला. ते मी हसत दिलं, खरंच. पण अब्बांचं वर्कशॉप मी दिलं नव्हतं.

अब्बा मोटारी भरतात. म्हणजे जळालेल्या पंपाच्या मोटारीतलं काळं पडलेलं तांबं काढायचं आणि नवी तार एकेक वेढा मोजून आत बसवायची. नई जिंदगी वस्तीतल्या आमच्या घरामागे पत्र्याची दहा बाय चौदाची खोली आहे, तिथं सत्तावीस वर्षं हेच. उजनीच्या काठच्या मोटारी लगेच ओळखू येतात, त्यांच्या खाचांत काळा गाळ आणि बारके शिंपले असतात. लहानपणी ते शिंपले माझे असायचे. अब्बा ब्रशनं ते काढून खिशात ठेवायचे आणि रात्री जेवताना माझ्या ताटाशेजारी मांडायचे. अख्ख्या सोलापुरात समुद्राशिवाय शिंपल्यांचा साठा असलेली मी एकटी मुलगी होते.

जूनमध्येच अब्बा त्या खोलीत एका स्टेटरला, म्हणजे मोटारीच्या तार भरायच्या जड लोखंडी भागाला, अडखळून पडले. पायाची करंगळी मोडली. अब्बांना शुगर आहे, त्यामुळे जखम पाच आठवडे भरली नाही. जमिनीवर पाय ठेवायला जागाच नव्हती तिथं. मोटारींची झाकणं, तारेची रिकामी रिळं, पंख्याची पाती, गोणपाटातल्या जुन्या बेअरिंगा, कुणी न्यायला न आलेल्या मोटारी. अम्मीनं जाहीर केलं, “या तो सामान वर जाईल, या तो मी माहेरी जाईन.” अम्मीचं माहेर पाच मिनिटांवर आहे, तरी अब्बा घाबरले आणि माळा करायचं ठरलं.

अब्बांची पद्धत सोपी होती. छताच्या पाइपांना जाड तार बांधायची आणि फळ्या टांगायच्या. त्यांनी तार कापलीसुद्धा. तेव्हा राहतआपा दारात उभी राहून म्हणाली, “खालू, ते पाइप पत्रा धरायला हायेत. वळवाच्या वाऱ्यात पत्रा वर ओढतो, आणि आपण खालून वजन लोंबकळवायचं? सगळंच खाली येईल.”

मला वाटलं, आता अब्बा तिला सुनावणार. वीज कंपनीच्या साहेबाशी हुज्जत घालणारा माणूस आहे हा.

अब्बांनी वर बघितलं. मग तार गुंडाळून ठेवली. “सही बोली. फिर कैसा करना?”

फिर कैसा करना! हे मला त्यांनी आयुष्यात कधी विचारलं नव्हतं.

मग झालीच सुरुवात. वजन पत्र्यावर नाही, भिंतीवर घ्यायचं. नऊ इंची भिंत आरपार भोकं पाडायची, बाहेरून लोखंडी पट्टी, आतून अँगलचे तिरके टेके, मध्ये लांब बोल्ट. वर अठरा एमएमचा प्लाय. पुढच्या कडेला चार बोटं उंच काठपट्टी, म्हणजे काही घरंगळून डोक्यात पडायला नको. शिडीला वर आकडा, सरकायला नको. जड सामान भिंतीलगत टेक्यांवर, हलकं पुढं. मध्ये आणि कडेला वीस किलोच्या वरची वस्तू ठेवायचीच नाही. आणि सगळं मिळून दोनशे किलोच्या वर नाही. हे तिनं वहीत आखून आणलं, आणि ती वही अब्बांनी उशाशी ठेवली. माझी वक्तृत्वाची ढाल फ्रिजवर आहे. फ्रिजवर!

सगळ्यात जास्त चीड मला कशाची यायची सांगू? राहतआपा भिंतीवर खूण करायची आणि अब्बा लगेच तिथं टेप लावून परत मोजायचे. तिनं बोल्ट आवळला की अब्बा पाना घेऊन तोच बोल्ट पुन्हा आवळून बघायचे. दोघं खांद्याला खांदा लावून उभे. ती तोंडातल्या तोंडात कानडीत आटे मोजायची, ओंदु, एरडु, मूरु, आणि अब्बा मान डोलवायचे. मी मराठीत पहिली, हिंदीत पहिली, आणि माझे अब्बा कानडीवर मान डोलवत होते.

मला काय काम मिळालं? वजनं लिहायचं. तांबं तोलायचा इलेक्ट्रिक काटा आहे आमच्याकडे. माळ्यावर जाणारी प्रत्येक वस्तू त्यावर ठेवायची आणि आकडा पुठ्ठ्याच्या टॅगवर लिहून तारेनं बांधायचा. एकतीस वस्तू होत्या.

“मला कशाला हे?” मी विचारलं.

“तेरा अक्षर अच्छा है,” अब्बा म्हणाले.

अक्षर! ती भिंतीला भोकं पाडणार आणि मी सुंदर अक्षर काढणार.

पैजेचा प्रश्न मी विचारला तो शनिवार. त्याच दुपारी करमाळ्याकडून रावजी आले. बॅकवॉटरवर त्यांची केळी आहेत आणि वर्षाला एक मोटार ते नेमानं जाळतात. मोटार उतरवून घेता घेता त्यांनी वर बघितलं. राहतआपा शिडीवर होती. ओढणी कमरेला बांधलेली, ड्रिलचा लाल भुसा केसांत.

“मकदूमभाई, ही पोरगी तुमचीच का? लई तयारीची हाय की!”

“हौ, आपलीच,” अब्बा म्हणाले. इतकं पटकन. इतकं हसून.

रावजींनी मग माझ्याकडं बघितलं. मी काट्याशेजारी पाटावर बसले होते, मार्कर घेऊन. “आन् ही लिवती ती?”

“ती पण.”

ती पण!

रावजी चहा पिऊन गेले, अब्बा त्यांच्याबरोबर टेम्पोपर्यंत गेले, राहतआपा बाहेरच्या बाजूनं पट्टी बसवायला गेली. खोलीत मी, काटा आणि ‘ती पण’. पुढची वस्तू जुन्या बेअरिंगांचं पोतं. अब्बांनी जाताना ते काट्यावर ठेवलं होतं. लाल आकडे लुकलुकले आणि थांबले. अडतीस.

मी टॅगवर लिहिलं, अठरा.

हात चुकला नाही. इतकं ठळक, इतकं सुंदर अठरा मी कधीच काढलं नव्हतं. माळा पडावा असं माझ्या मनात नव्हतं, अल्लाह कसम. फक्त अठरा म्हणून ते पोतं मध्ये जाईल आणि प्लाय जरासा वाकेल, सगळ्यांसमोर. अब्बा टेप लावतील आणि म्हणतील, राहत, चुकलीस. बस, एवढंच एक वाक्य मला ऐकायचं होतं. वक्तृत्वात परीक्षक निकाल सांगतात तसं.

रविवारी सकाळी सामान चढवायला घेतलं. जड वस्तूंसाठी तीन पाइपांची तिपाई आणि तिला चेन पुली. मोटारी उचलायची तीच. त्या पुलीची गंमत अशी की साखळी ओढणाऱ्याला वजन कळतच नाही. पाच किलो असो नाही तर पन्नास, साखळी तशीच खळखळ येते. अब्बा खाली साखळीवर, राहतआपा शिडीवर वस्तू आत सरकवायला, आणि मी टॅग वाचायला.

“स्टेटर, बावीस!”

“भिंतीकडं,” राहतआपा.

“रिळं, चार!”

“पुढं.”

मग ते पोतं आलं.

“बेअरिंग,” मी म्हणाले, “अठरा.”

चारशे पोरांसमोर न कापलेला आवाज. आत्ताही कापला नाही.

“मध्ये,” राहतआपा म्हणाली.

पोतं अर्ध्या वाटेवर होतं तेवढ्यात अम्मीनं स्वयंपाकघरातून हाक मारली, “समरा, कांदा कोण कापणार? तेरी सास?” मी पळालेच. खरं तर मला ते पोतं मध्ये बसलेलं बघायचं होतं, आणि बघायचं नव्हतंही. कांदा बरा होता. डोळ्यांत पाणी आलं तरी कुणी कारण विचारत नाही.

परत आले तेव्हा एकतीसच्या एकतीस वस्तू वर होत्या. खालून फक्त काठपट्टी दिसत होती आणि तिच्यावर राहतआपानं रंगवलेला आकडा, २०० किलो. प्लाय वाकला होता का? मी डोळे बारीक करून बघितलं. कधी वाकलेला वाटायचा, कधी सरळ. अब्बा कुठं टेप लावत होते? ते तर जमिनीवर झाडू मारत होते. सत्तावीस वर्षांनी त्या खोलीची फरशी दिसत होती. लाल होती ती. मला माहीतच नव्हतं.

“खाना हितंच आणा,” अब्बा अम्मीला ओरडून म्हणाले.

हे मी विसरलेच होते. अब्बांचे उस्ताद तिप्पण्णा मिस्त्री, ज्यांच्याकडे ते मोटार भरायला शिकले, त्यांचा एक कायदा होता. माणसाच्या डोक्यावर काहीही चढवलं, पंखा असो, टाकी असो, तर ज्यानं चढवलं त्यानं पहिला घास त्याच्याखाली बसून खायचा. मग दुसऱ्याला खाली उभं करायचं. शेजारच्या आसिफचाचांचा पंखा बसवला तेव्हा अब्बा त्यांच्या पलंगावर बसून केळं खाऊन आले होते. आम्ही खूप हसलो होतो तेव्हा.

चटई अंथरली गेली. बरोब्बर माळ्याखाली, मधोमध.

“माळा माझा,” राहतआपा म्हणाली. “मी बसते, खालू. तुम्ही लांब बसा.”

“पाना मैं भी फिराया ना?” अब्बा तिच्या शेजारी मांडी घालून बसले. मोडलेल्या करंगळीचा पाय नीट दुमडत नाही, तो त्यांनी लांब केला. तो पाय अगदी कडेखाली आला.

अम्मी दालचा आणि भाताचं पातेलं घेऊन दारातच थांबली. तिनं वर बघितलं. “इत्ता सारा लोखंड! पक्का है ना जी? सगळं एकदा परत तोलून तरी घ्यायचं होतं.”

“राहत बोली थी, परत तोलूया,” अब्बा म्हणाले. “मैंच नक्को बोला.” त्यांनी ताट पुढं ओढलं. “वजन समरा लिखी है. उसका आकडा कब्बी चुकताच नै. राहत की खूण मैं दो बार मोजा, बोल्ट तीन बार फिराया. बच्ची है, सीखती है. समरा का कायकू देखना?”

अम्मीचा चेहरा सैल झाला. ती आत आली आणि त्यांच्या ताटात भात वाढायला खाली वाकली. म्हणजे आता तिघं. माळ्याखाली तिघं.

टेप लावणं. पाना फिरवणं. खांद्याला खांदा. ते लाड नव्हते. ते तपासत होते तिला! आणि मला तीन महिन्यांत एकदाही तपासलं नव्हतं, कारण... अब्बांचा घास उचलला गेला.

“खाऊ नका!”

माझा आवाज एवढा मोठा आला की अम्मीच्या हातातला चमचा पडला.

“उठा तिथून. अम्मी, तू पण. उठा ना! ते पोतं अठरा नाही. बेअरिंगचं. अडतीस आहे. मी मुद्दाम लिहिलं.”

कुणी उठलं नाही. म्हणजे अम्मी उठली, पण मागं सरकायच्या ऐवजी माझ्याकडं आली आणि मला मारणार का धरणार हे तिचं तिलाच ठरेना. अब्बांनी घास ताटात ठेवला. हात धुतला. शिडीचा आकडा हलवून बघितला आणि एकेक पायरी चढले, दुखरा पाय मागून ओढत. वर डोकं घालून त्यांनी ते पोतं शोधलं.

“भिंतीकडं है,” शेवटी म्हणाले. “टेक्यावर.” मग टॅग हातात धरून वाचला. “अठरा खोडलंय. बाजूला अडतीस. पेन्सिलनं.”

सगळ्यांनी राहतआपाकडं बघितलं. ती भातात बोट फिरवत होती.

“सरकवताना कळलं मला,” ती म्हणाली. “अठरा असं लागत नाही हाताला. माळ्यावर ठेवल्यावर काट्यावरचा आकडा आठवला, शनिवारी मी बाहेरून पट्टी लावताना खिडकीतून दिसला होता. मग उरलेलं पण हातानं जोखलं, बाकी सगळं बराबर हाय. बेरीज पण केली. दोनशेच्या आतच हाय, खालू.”

“मग सांगितलं का नाहीस?” मी ओरडले. एवढं सगळं होऊनही मला तिचाच राग येत होता. चांगुलपणातसुद्धा पहिला नंबर हिचाच!

“काय सांगू?” तिनं पहिल्यांदा माझ्याकडं सरळ बघितलं. तिचे कान लाल झाले होते. “रोज माझी प्रत्येक खूण दोनदा मोजतात. रात्री झोपताना तू मला विचारतेस, अब्बांनी आज तुला काय शिकवलं. मी कधी विचारलं का तुला, की कुणी न तपासता आपलं ऐकलं तर कसं वाटतं? मला नाही माहीत ते. माझ्या घरात पण नाही. मग मी ते मोडू का तुझं?”

मी अम्मीच्या हातून पडलेला चमचा उचलला.

अब्बा खाली उतरले. मला वाटलं, रागावतील. रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी येताना काठाजवळची रिळांची पिशवी खाली आणली होती. तिचा टॅग वाचला. माझ्याकडं बघून विचारलं, “समरा, चार. ये बराबर है?”

असं त्यांनी आजपर्यंत कधीच विचारलं नव्हतं.

“बरोबर आहे,” मी म्हणाले.

अब्बांनी मान हलवली. मग काट्याजवळ गेले, बटण दाबलं आणि पिशवी काट्यावर ठेवली. लाल आकडे लुकलुकले. माझ्याकडं पाठ करून ते आकडे थांबायची वाट बघत होते. फक्त चार किलोच्या रिळांसाठी.

चार. बरोबरच होतं. पण त्यांनी टॅगवर बारीकशी खूण केली, राहतआपाच्या वहीत करतात तशी.

अंकिताला सोमवारी काय सांगायचं ते मला कळलं. उत्तर मिळालं होतं, मी प्रश्न विचारायच्या आधीपासून मिळत होतं, दर वस्तूला, एकतीस वेळा. आणि मी त्याच्यावर ठळक अक्षरात अठरा लिहिलं.

अम्मी चटई गुंडाळायला लागली. “चला, आत जेवूया. थंड झालं.”

“थांब, अम्मी.” मी डोळे बाहीला पुसले आणि उभी राहिले, स्टेजवर राहते तशी, पाय जुळवून. “अब्बा, तुम्ही पण ऐका. मी ठरवलंय. आज सगळं खाली उतरवायचं, एकतीसच्या एकतीस, आणि मी पुन्हा तोलणार. राहतआपा शेजारी बसेल आणि प्रत्येक आकडा तपासेल. दोनदा. उद्याही तपासेल, परवाही, तुम्ही बस म्हणेपर्यंत. आणि सगळं परत वर चढल्यावर ही चटई मी अंथरणार. त्याच जागी. पहिला घास मी एकटी खाणार, आणि माझं ताट संपेपर्यंत तुमच्यापैकी कुणीही आत यायचं नाही.”